चंदनाकडचे आणि तरसाकडचे

न्हावऱ्याच्या साखरबाई कोरेकर सोयरिकी जमवायच्या. शिरूर तालुक्यातला मुलगा आणि दौंड तालुक्यातली मुलगी, नाहीतर उलट, हा त्यांचा प्रांत. भीमेच्या अलीकडं-पलीकडं कुणाच्या घरात लग्नाचं कोण आहे, कुणाचं वय सांगतात त्यापेक्षा किती पुढं सरकलंय, कोणत्या भावकीत बांधावरून बोलणं बंद आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. फोनमध्ये नंबर साठवायच्या भानगडीत त्या पडत नसत. लग्न जमलं की एक साडी घ्यायची, तीही दुकानात स्वतः जाऊन पसंत करायची, आणि मांडवात पहिल्या रांगेत बसायचं, एवढाच त्यांचा हिशेब.

त्यांची खरी कला होती निरोप पोचवण्याची. साखरबाईंचं म्हणणं असं की सोयरीक म्हणजे दुसरं काही नाही, नुसते निरोप. आणि निरोप जसाच्या तसा पोचवला तर जगात एकही लग्न होणार नाही. मुलाकडचे म्हणाले, "पोरगी फार बोलती," की साखरबाई मुलीकडं जाऊन सांगायच्या, "तुमच्या लेकीनं घर कसं भरल्यासारखं वाटलं म्हणाले." मुलीकडचे म्हणाले, "पोरगा काय कामाचा दिसत न्हाई," की मुलाकडं निरोप जायचा, "शांत हाय म्हणाले, आवडला." असे निरोप शिजवून, वरून कोथिंबीर पेरून, त्यांनी इतकी लग्नं लावली होती की न्हावरा ते चौफुला रस्त्यावर कुठंही गाडी बंद पडली तरी चहाला एक घर हक्काचं होतं.

गाडी इमामभाईंची. शिरूरचे इमामभाई सकाळ-संध्याकाळ आपल्या इकोतून रांजणगावच्या कंपन्यांचे कामगार ने-आण करायचे आणि मधल्या वेळात साखरबाईंना फिरवायचे. माणूस अबोल नव्हता, पण सोयरिकीच्या घरात गेला की दाराजवळच्या खुर्चीत बसून फक्त ऐकायचा. परत येताना मात्र गाडीत सगळ्याचा समाचार घ्यायचा.

तर या साखरबाईंच्या हाती एकाच सुमाराला दोन अवघड प्रकरणं आली.

पहिलं पाटसजवळचं. कोंडिबा शितोळे, सगळे त्यांना आप्पा म्हणत, कारखान्यावर चिटबॉय होते. उसाच्या नोंदी घेत साऱ्या तालुक्याचे बांध तुडवून ते नुकतेच घरी बसले होते. त्यांची लेक अनुपमा पुण्यात प्राणिशास्त्र शिकली आणि एका संस्थेच्या कामावर परत गावाकडंच आली. काम काय, तर माळावर फिरून तरसांचा माग काढायचा. बाभळींना कॅमेरे बांधायचे, पायाचे ठसे मोजायचे, विष्ठा हुंगून बघायची. पहिलं स्थळ हडपसरच्या इंजिनियरचं आलं होतं. त्यानं कामाचं स्वरूप विचारलं, हिनं सविस्तर सांगितलं. तो हात धुऊन येतो म्हणाला आणि पोहे तसेच टाकून गाडीत जाऊन बसला. दुसऱ्यानं विचारलं, लग्नानंतर काम सोडशील का? तिनं विचारलं, तुम्ही सोडाल का?

दुसरं प्रकरण पाबळच्या बाजूचं. सत्यजीत पिंगळे. पाबळच्या तांत्रिक शाळेत शिकून रांजणगावच्या कंपनीत मालाची तपासणी करायला लागला होता. नोकरी पक्की, घर स्लॅबचं, आई राजश्रीबाई एकट्या, स्वभावानं तिखट पण मनानं मोकळ्या. कुणीही डोळे झाकून मुलगी द्यावी असं स्थळ. पण या पठ्ठ्यानं डोंगराकडच्या एकरभर रानात चंदन लावलं होतं, आणि मुलगी बघायला गेला की चंदनाशिवाय दुसरं बोलायचा नाही. एका मुलीच्या बापानं विचारलं, "उत्पन्न कवा निघंल?" हा म्हणाला, "पंधरा वर्षांनी." बाप म्हणाला, "मग पंधरा वर्षांनीच या."

"इमामभाई," साखरबाई एकदा गाडीत म्हणाल्या, "एकीला जनावराचं येड, एकाला झाडाचं. ही दोन येडी एका घरात घातली तर दोन घरं सुखी व्हत्याल."

"आणि ही दोघं राहतील ते तिसरं घर?" इमामभाईंनी विचारलं. साखरबाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

बघण्याचा कार्यक्रम पाटसला आप्पांच्या घरी झाला. पोहे झाले, चहा झाला. राजश्रीबाईंनी मुलीला शिक्षण विचारलं. मग साखरबाईंनी सत्यजीतला डोळ्यानं खुणावलं, की विचार बाबा काहीतरी. घरातून निघताना त्यांनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, चंदनाचं नाव काढायचं नाही. म्हणून तो बिचारा म्हणाला, "तुम्ही तरसावर काम करता ना? ते कुत्र्याच्याच कुळातलं असतं का?"

अनुपमानं कप खाली ठेवला. "दिसतं कुत्र्यासारखं. पण कुत्र्याशी त्याचं काही नातं नाही. कुल स्वतंत्र आहे. सोयरीक म्हणाल तर मांजर आणि मुंगूस, त्यांच्याकडची."

"चालणं, तोंड, सगळं कुत्र्याचं."

"तोंडावरून कुळ ठरत नाही."

हे वाक्य साखरबाईंना इतकं आवडलं की त्यांनी मान डोलावली. "खरं हाय. मी तर म्हणते तोंडावरून कायच ठरवू नये. मोठं घराणं असंल त्येचं?"

"नाही मावशी. साऱ्या जगात मिळून या कुळात चारच जाती. आपल्या देशात तर एकच. पट्ट्यांचं तरस."

"चारच घरं?" साखरबाई कळवळल्या. "मग सोयरिकी करायच्या कुठं त्येंनी?"

आप्पा हसले, राजश्रीबाई हसल्या, आणि इथंच उठायला हवं होतं. पण अनुपमाही भल्या मनानं म्हणाली, "तुम्ही चंदन लावलंय ना? छान. झाडाचं बरं असतं, लावलं की वाढतं. प्राण्याचं तसं नाही. तो गेला की गेला."

सत्यजीतचं वचन तिथं संपलं.

"लावलं की वाढतं?" तो खुर्चीत पुढं सरकला. "चंदनाची आज काय अवस्था आहे ठाऊक आहे का? जगाची जी यादी असते धोक्यातल्या जीवांची, तिच्यात चंदन संवेदनशील आहे. आणि तुमचं तरस?"

"संकटसमीप."

"म्हणजे संकटाच्या जवळ. अजून पोचलेलं नाही. चंदन एक पायरी पुढं आहे."

"मी रोज माळावर असते. रस्त्यावर गाडीखाली मेलेली तरसं मी उचलली आहेत. पायऱ्या मला सांगू नका."

"आणि मी तोडलेली चंदनं पाहिलीत."

"पण लागवड होते ना चंदनाची? तरसाची लागवड करता येते का?"

आप्पांनी साखरबाईंच्या कानाशी तोंड नेलं. "आक्का, लोकं सोयरिकीत आपलं किती बरं चाललंय ते सांगत्यात. ही दोघं कुणाचं जास्त वाईट चाललंय यावर भांडायल्यात."

"संवेदनशील म्हंजी काय ओ पर?" राजश्रीबाईंनी हळूच विचारलं.

"म्हंजी लगेच मनाला लावून घेणारं," साखरबाई म्हणाल्या.

"चंदन?"

"वास हाय न्हवं त्येला. वासाची झाडं तशीच."

दोघांचं भांडण फाटकापर्यंत चाललं. इमामभाईंनी गाडी सुरू केली तेव्हा सत्यजीत काच खाली करून सांगत होता की जंगली चंदन आता बोटावर मोजण्याइतकं उरलंय, आणि अनुपमा चालत्या गाडीबरोबर चालत सांगत होती की माळरानं उसाखाली गेली त्याचं काय.

दुसरं कुणी असतं तर समजलं असतं की हे फिसकटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यजीतचा फोन आला. "मावशी, तिला एक निरोप द्याल? म्हणावं, मी रात्री विचार केला. झाड आणि प्राणी यांची सृष्टीच वेगळी. नुसत्या पायऱ्या मोजून तुलना करणं चूक होतं. माझं चुकलं."

नंबर द्यायचा नाही, हा साखरबाईंचा नियम. सुपारी फुटेपर्यंत मुलानं मुलीला जे सांगायचं ते त्यांच्यामार्फत. शिवाय त्या दोघांचा ताठा असा की नंबर मागायचा कुणी, हाच प्रश्न. म्हणून साखरबाईंनी निरोप घेतला, आपल्या पद्धतीनं शिजवला आणि अनुपमाला फोन लावला. मुलगा चुकलं म्हणतो हे सांगितलं तर मुलीकडचे डोक्यावर बसतील, म्हणून तेवढं गाळलं.

"पोरगा म्हणतो, तुमची आन् त्येची सृष्टीच येगळी हाय. पर त्येची काय तक्रार न्हाई."

पलीकडून अनुपमा म्हणाली, "असं? मग त्यांना सांगा, सृष्टी वेगळी असली तरी मुळं कुणाशी तरी जोडावीच लागतात. त्यांचं चंदन स्वतः शेजारच्या झाडाच्या मुळांतून रस ओढतं. अर्धं परजीवीच आहे ते. बांडगूळ त्याच्याच गणातलं."

साखरबाईंना यातलं एकच कळलं, आणि ते ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला: गण. पत्रिकेतला गण त्यांना कळायचा. हे म्हणजे जमतच आलं. सत्यजीत ड्युटीवर होता म्हणून त्यांनी फोन राजश्रीबाईंना केला.

"वैनी, आनंदाची बातमी. पोरगी म्हणती गण जुळतोय."

"व्हय? कंचा गण?"

"बांडगुळाचा."

फोनमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज आला. "काय म्हणाली ती?"

साखरबाई सावरायला गेल्या आणि अजून खोलात गेल्या. "तसं न्हाई ओ. अर्धंच म्हणाली. अर्धं परजीवी. पुरतं न्हाई."

"माझं पोरगं परजीवी? तीन शिफ्टमधी काम करतंय ते! आन् त्या पोरीला म्हणावं, मेल्या ढोरावर जगणाऱ्याच्या मागं फिरणारीनं आमाला शिकवू नये!"

हा निरोप पोचवायचा कसा? साखरबाई दुपारभर विचार करत बसल्या. शेवटी त्यांनी त्यातलं मेलं काढलं, ढोर काढलं, मागं फिरणं काढलं. उरलं ते घेऊन त्या आप्पांना म्हणाल्या, "आप्पा, त्या म्हणत्यात, तुमच्याकडं खाण्यापिण्याचं जरा शिळंपाकं चालतं का काय."

कोंडिबा आप्पांनी आयुष्यभर उसाच्या बांधावर भाकरी खाल्ली होती, पण घरी आलेल्या माणसाला शिळं वाढलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोहे शिळं व्हतं का आक्का?" आणि फोन ठेवला. साखरबाईंना ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. चौफुल्याच्या एका लग्नात साखरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बांडगुळाशी गण जुळवणाऱ्या त्या ह्याच." सगळी रांग हसली. साखरबाईंनी वळून बघितलं नाही. जेवणाला मात्र थांबल्या नाहीत.

परत येताना पुलावर त्यांनी इमामभाईंना गाडी उभी करायला लावली आणि भीमेच्या पाण्याकडं बघत बसल्या.

"इमामभाई, माझं म्हातारपण आलं का ओ?"

"आलंय. पण बिघडलंय ते त्यानं नाही, आक्का." इमामभाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. "मी रोज माणसं नेतो. पाबळला बसलेला माणूस रांजणगावला तोच उतरवतो. मधी कुठं थांबून त्याचा शर्ट बदलत नाही मी. तुम्ही बदलता. एरवी चालून जातं. पण ह्या दोघांच्या बोलण्यातलं आपल्याला काही कळत नाही. जे कळत नाही त्याचा शर्ट कशाला बदलायचा?"

साखरबाईंना राग आला. पण न्हावऱ्याला उतरताना म्हणाल्या, "दोघांना एकत्र आणायचं. आन् म्या गप बसायचं. परवा जमंल का गाडी?"

नियम मोडून त्यांनी दोघांना स्वतःच फोन केले. या वेळी निरोप कोरडा होता. "तुम्ही काय बोललात ते म्या चुकीचं सांगितलं. दोघांचंबी. आता समोरासमोर बोला." सत्यजीत सुट्टी टाकून आला. अनुपमानं जागा सांगितली: पाटसच्या पलीकडचा माळ, उन्हं उतरायच्या वेळेला.

माळावर गवत गुडघाभर वाळलेलं. लांब एका पोल्ट्रीची शेड दिसत होती. अनुपमा पुढं, तिच्या मागं सत्यजीत, आणि बरंच मागं साखरबाई पदर खोचून, सोबत इमामभाई. चालता चालता अनुपमा एका दगडापाशी वाकली आणि म्हणाली, "हे बघा."

पांढरं शुभ्र काहीतरी पडलं होतं, चुन्याच्या गोळ्यासारखं.

"तरसाची विष्ठा. हाडं चावून खातं ना, म्हणून पांढरी. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या टाकतात, जनावरं टाकतात, ते सगळं हे साफ करतं. तरस नसतं तर या माळावर नाक धरून फिरावं लागलं असतं."

हडपसरच्या इंजिनियरची आठवण होऊन साखरबाईंनी डोळे मिटून घेतले. पण सत्यजीत उकिडवा बसला. त्यानं तो गोळा काडीनं उलटा केला, सुलटा केला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे नुसतं कॅल्शियम! माझ्या रानात घातलं तर? चार-पाच घेऊन जाऊ का?"

"नाही हं. परवानगी लागते. आम्हालासुद्धा."

"गूबी सरकारी?" मागून इमामभाईंना राहवलं नाही.

"प्राणी संरक्षित आहे," अनुपमा म्हणाली.

"तसंच आहे आमचं," सत्यजीत म्हणाला. "रान माझं, झाड माझं, पाणी आईनं घातलेलं. पण तोडायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी."

"हो?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "हे मला माहीत नव्हतं."

यानंतर जे सुरू झालं ते साखरबाईंना समजलं नाही, आणि त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल असं वरून खाली दोघं उतरत होते. ती म्हणायची, आमचं सस्तन. तो म्हणायचा, आमचं सपुष्प. ती म्हणायची, आमचा गण मांसाहारी. तो म्हणायचा, आमच्या गणात बांडगूळ आहे हे खरं, पण ते दूरचं भाऊबंद, त्याच्यावरून आमच्या घराला नाव ठेवू नका. ती हसली. साखरबाईंच्या लक्षात आलं की ही भाषा पार अनोळखी नाही. कूळ आहे, गण आहे, जात आहे, भाऊबंद आहेत, नाव ठेवणं आहे. फक्त देण्याघेण्याचं तेवढं यात कुठं येत नाही.

त्या जरा बाजूला, एका बोराटीच्या झुडपापलीकडं, जाऊन बसल्या. आपल्या लग्नात नवऱ्याशी पहिलं वाक्य कधी बोललो ते त्यांना आठवेना. बहुतेक म्हशीविषयी असावं. एवढं भांडायला त्यांच्याशी कधी कुणी आलंच नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घळीतून एक जनावर वर आलं. मानेवर केस उभे, पाठ मागं उतरती, अंगावर पट्टे, पुढचे पाय मोठे नि मागचे आखूड. कुणाचं तरी आजारी कुत्रं असावं. ते थांबलं आणि साखरबाईंकडं बघायला लागलं.

"हाड!" साखरबाई म्हणाल्या.

जनावर हललं नाही.

"हाड म्हणलं न्हवं? जा घरला. कुणाचं हाय का न्हाई कुणी!"

जनावरानं मान खाली घातली, ओशाळल्यासारखं वळलं आणि लंगडत असल्यागत झुलत-झुलत घळीत उतरून गेलं. साखरबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्या दोघांकडं गेल्या.

"चला आता, दिवस बुडंल. आन् अनुपमा, ह्या माळावर कुत्री लई रोगट झाल्यात बाई. एक आत्ता आलतं, अंगावर पट्टं पडल्यात बिचाऱ्याच्या."

अनुपमाचा चेहरा पांढरा पडला. "पट्टे? मावशी, मानेवर केस होते?"

"घोड्यागत."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"हाड म्हणलं."

अनुपमा घळीकडं धावली. तिच्या मागं सत्यजीत धावला. खाली नुसते ताजे ठसे होते. इतके दिवस माळ तुडवूनही उजेडात तरस तिला एकदाच दिसलं होतं, तेही पाठमोरं. आणि साखरबाईंनी त्याला घरी जायला सांगितलं होतं. पोरगी रडेल असं साखरबाईंना वाटलं. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. सत्यजीतही हसायला लागला. हसता हसता तो म्हणाला, "निदान मी एका गोष्टीत बरोबर निघालो. मावशींनाही ते कुत्रंच वाटलं." आणि पुन्हा भांडण सुरू झालं.

आता पाबळकडची फेरी राहिली होती. राजश्रीबाई अजून फुगलेल्या होत्या, आणि आप्पा "शिळ्या" शब्दावर अडून होते. साखरबाईंनी दोघांना वेगवेगळं सांगितलं, जे घडलं तसं, अगदी कोथिंबिरीशिवाय. राजश्रीबाई म्हणाल्या, "येऊ दे. पर म्या बोलणार न्हाई." आप्पा म्हणाले, "येतो. पर म्या खाणार न्हाई."

चंदनाचं रान बघून आप्पांची निराशा झाली. मोठा वृक्ष असेल, घमघमाट असेल, असं त्यांना वाटलं होतं. इथं किडकिडीत खोडांची झाडं, मध्ये तुरीच्या ओळी, कुठं कुठं कडुलिंब. आप्पांनी पान तोडून हुंगलं. "वास कुठं हाय?"

"वास आतल्या गाभ्यात असतो आप्पा. झाड मोठं झाल्यावर."

"आन् ही तूर?"

"तिच्या मुळांतून चंदन थोडं घेतं. घेतं, पण मारत नाही."

सगळे राजश्रीबाईंकडं बघायला लागले. अनुपमा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काकू, परजीवी मी चंदनाला म्हणाले होते. तुमच्या मुलाला नाही."

"चंदन काय परकं हाय का?" राजश्रीबाई न बोलण्याचं ठरवून आल्या होत्या ते विसरल्या. "डोक्यावर हंडा घिऊन पाणी घातलंय म्या त्याला. पयल्या वर्षी पाइप नव्हता. त्याला कुणी बोललं तर लागणारच मला."

अनुपमानं कोपऱ्यात बघितलं तर तिथं एका ओळीत तीन खुंट होते, जमिनीलगत सफाईनं कापलेले. गेल्या वर्षी चोरांनी नेलेली जुनी झाडं, बांधावर आपोआप आलेली, सत्यजीतच्या आजोबांच्या वेळची. तोडलेली चंदनं आपल्याच रानातली, हे तो एकदाही बोलला नव्हता. ती खुंटाजवळ बसली आणि तिनं त्यावर हात ठेवला.

"एक पायरी पुढं," ती म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

सत्यजीतला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. तो म्हणाला, "तरसाची लागवड करता येत नाही, हे तुमचंही बरोबर होतं."

संस्थेचा एक जुना कॅमेरा, साहेबांना विचारून, अनुपमानं त्या रानाच्या कोपऱ्यातल्या लिंबाला बांधून दिला. चोर आला तर दिसेल म्हणून. आप्पा त्या दिवशी खाणार नव्हते, पण राजश्रीबाईंनी तव्यावरची भाकरी त्यांच्यासमोर ताटात टाकली आणि म्हणाल्या, "आत्ता भाजली बघा, वाफ बघा." आप्पांनी वाफ बघितली आणि तीन भाकरी खाल्ल्या.

काही आठवड्यांनी एका सकाळी सत्यजीतनं कॅमेऱ्यातले फोटो तपासले. चोर नव्हता. एक ससा होता, शेजाऱ्याची शेळी होती, स्वतः राजश्रीबाई होत्या, चंदनाशी काहीतरी बोलताना. आणि एका फोटोत, दोन चंदनांच्या मधून, पट्टे आणि उभे केस घेऊन, कॅमेऱ्याकडं बघत, एक तरस चाललं होतं.

त्यानं साखरबाईंना फोन केला. "मावशी, तिला सांगा..."

"म्या कायबी सांगणार न्हाई," साखरबाई म्हणाल्या. "नंबर लिहून घे."

नंतर कळलं की तो फोनवर एवढंच म्हणाला होता, "तुमच्याकडचे आमच्याकडं आलेत." आणि ती पाटसहून मोटारसायकल काढून थेट पाबळला येऊन धडकली होती, आप्पांना न सांगता. तरस चंदनाच्या रानात! तिनं फोटो दहा वेळा बघितला. राजश्रीबाईंना आधी वाटलं की पोरगी सत्यजीतसाठी आली. मग कळलं की जनावरासाठी आली. मग संध्याकाळ झाली तरी ती जाईना, तेव्हा त्यांना वाटलं, आपला पहिला अंदाजही अगदीच चुकीचा नसावा.

सुपारी फुटली. साखरबाईंनी शिरूरला जाऊन मोरपंखी साडी पसंत केली.

लग्नपत्रिकेवर मात्र पुन्हा वाद झाला. वर गणपती, हे दोघांना मान्य. खाली एका कोपऱ्यात चंदनाची डहाळी आणि दुसऱ्यात तरस काढायचं ठरलं. शिरूरच्या छपाईवाल्याकडं चंदनाचं चित्र निघालं, तरसाचं निघेना. शोधून देतो म्हणाला, आणि वेळेच्या घाईत त्यानं त्याला जे जवळचं वाटलं ते छापलं. पत्रिका वाटून झाल्यावर अनुपमाच्या लक्षात आलं की कोपऱ्यात जीभ बाहेर काढून एक अल्सेशियन बसला आहे.

लग्न पाटसला झालं. मांडवात पाबळच्या बायकांनी राजश्रीबाईंना गराडा घातला. "पत्रिकेत कुत्रं कशापायी घातलंय ओ? सूनबाईचं हाय व्हय?"

"कुत्रं न्हाई ते!" राजश्रीबाईंचा आवाज अक्षतांच्या गलक्यावरही पहिल्या रांगेत ऐकू आला. "तरस हाय. त्येचं घराणंच येगळं. मुंगसाकडनं पावनं लागत्यात ती. आन् साऱ्या दुनियेत त्येंची फकस्त चारच घरं हायेत. त्यातलं एक आमच्या रानात ऱ्हातंय."

साखरबाईंच्या शेजारी इमामभाई मठ्ठा पीत होते. त्यांनी भुवई वर करून साखरबाईंकडं बघितलं. राजश्रीबाई सांगत होत्या ते जरा जास्तच झालं होतं, आणि ते साखरबाईंना आता कळत होतं. त्यांनी मोरपंखी साडीचा पदर सारखा केला आणि जिलबी कुठपर्यंत आली ते बघू लागल्या.